लोकरीच्या मुलखांत

गेल्या महिन्यांत हें सदर कोरें राहिलें, त्याबद्दल दोन-चार वाचकांनीं संपादकांकडे चौकशी केली आणि एका भगिनीनें तर आमच्या प्रकृतीविषयीं काळजी व्यक्त केली. आमची प्रकृति उत्तम आहे. आम्ही प्रवासास गेलों होतों. आणि तोही काशी-रामेश्वराच्या नव्हे, तर दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या. साठी उलटलेल्या, जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या आणि जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतलेल्या शिक्षकाचें अँडीज पर्वतांत काय काम, असें आमच्या वडील बंधूंनींही विचारलें होतें. त्यांस आम्हीं उत्तर दिलें कीं, आम्ही जात नाहीं, आम्हांस नेण्यांत येत आहे.

खरी गोष्ट अशी कीं, आमचे थोरले चिरंजीव अमेरिकेंत नोकरीस असतात. सूनबाईंस हातविणीच्या वस्त्रांचें वेड आहे, व कामापुरती स्पॅनिश भाषाही येते. इकडे आमच्या सौ. गेलीं चाळीस वर्षें घरांत जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठीं लोकरीचीं टोपडीं आणि मोजे विणीत आल्या आहेत. सासूसुनांचा बेत ठरला, चिरंजीवांनीं तिकिटें काढलीं, आणि आम्ही सामानाबरोबर निघालों.

कुस्को हें इंका राजांच्या राजधानीचें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,४०० मीटर उंच आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तरी कुस्कोच्या बाजारापर्यंत पोंचावयाचें नाहीं. पहिले दोन दिवस जिना चढतांना आमचा प्राणायाम आपोआप होत होता. हॉटेलांत उतरल्याबरोबर कोका नांवाच्या पानांचा ऊन काढा हातांत देतात. ह्याच पानांपासून कोकेन काढतात हें कळतांच सौ.नीं पेला खालीं ठेविला. पण नुसतें पान म्हणजे कोकेन नव्हे आणि तेथें हा काढा आपल्या चहासारखा चालतो, अशी सूनबाईंनीं खात्री दिल्यावर पुन्हां उचलला.

शाकाहारी माणसाचे तेथें हाल होतील अशी आमची भीति होती. ती अगदीं उलट ठरली. बटाट्याचें मूळ घर अँडीज पर्वत. तेथें जांभळे, काळे, पिवळे, वांकडेतिकडे असे बटाट्यांचे प्रकार पाहून सौ. थक्क झाल्या. मग बसल्या बसल्या आम्हीं हिशेब मांडला. बटाटा तिकडचा, रताळें, शेंगदाणा व मिरची हीं अमेरिका खंडांतलीं, आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेंतला. म्हणजे आपल्या एकादशीच्या फराळाचें बहुतेक ताट पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीं ह्या देशांत ठाऊकही नव्हतें! आमच्या आजीबाईंस हें कोणी सांगितलें असतें तर त्यांनीं निर्जळी केली असती. असो, विषय लोकरीचा आहे.

ह्या पर्वतांत लोकर देणारे प्राणी चार : लामा, अल्पाका, ग्वानाको आणि विकुन्या. चौघेही उंटाचे भाऊबंद, पण मदार कोणालाच नाहीं. पहिल्याचा तेथील उच्चार 'यामा' असा आहे, तेव्हां तिबेटांतील गुरूंशीं गल्लत होण्याचें कारण नाहीं. एक मात्र खरें कीं, ओझें जास्त झालें तर हा प्राणी जाग्यावर बसून असा विरक्त चेहरा करतो कीं, नांव शोभून दिसावें. लामा व अल्पाका हे पाळीव, तर ग्वानाको व विकुन्या हे रानांतले. अल्पाका हा विकुन्यापासून आणि लामा ग्वानाकोपासून माणसानें हजारों वर्षांपूर्वीं माणसाळविला, असा निर्वाळा अलीकडील रक्तपरीक्षांवरून शास्त्रज्ञांनीं दिला आहे.

ह्यांत विकुन्याची कथा ऐकण्यासारखी आहे. त्याचा केस सुमारें बारा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या पांचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. इंकांच्या काळीं हें वस्त्र राजघराण्याखेरीज कोणी नेसावयाचें नाहीं असा दंडक होता, आणि प्राण्यास मारावयाचें नाहीं असाही होता. ठराविक वर्षांनीं शेंकडों माणसें हातांत हात धरून डोंगराचा उतार वेढीत, कळप हळूहळू कोंडीत, लोकर कातरून घेत आणि प्राणी सोडून देत. ह्या प्रकारास 'चाकू' म्हणतात. आपल्या चाकूशीं त्याचा संबंध नाहीं. स्पॅनिश लोक आले, बंदुका आल्या, आणि १९६० नंतरच्या दशकांत हा प्राणी कांहीं हजारांवर येऊन ठेपला. मग १९६७ सालीं पेरूंत पांपा गालेरास येथें अभयारण्य झालें, १९६९ सालीं ला पाझ येथें देशादेशांत करार झाला, जुना 'चाकू' पुन्हां सुरू झाला, आणि आतां कळप लाखांच्या घरांत गेले आहेत. जुन्या दंडकांतील राजाचा हक्क गेला, प्राण्याचा राहिला. आम्हांस हा फेरबदल पसंत पडला.

कुस्कोहून मोटारीनें तासाभरावर चिंचेरो नांवाचें गांव आहे, तें कुस्कोहूनही उंच. आमचा मुक्काम खऱ्या अर्थानें तेथेंच झाला. येथील निल्दा कायान्याउपा ह्या विणकर बाईंनीं विद्यापीठाचें शिक्षण घेतलें, पण माग सोडला नाहीं. म्हाताऱ्या विणकर बायका जुनीं वस्त्रें सोडून बाजारचें यंत्राचें सूत आणि डब्यांतले रंग वापरूं लागल्या, कित्येक नक्षी तर एक-दोन आजीबाईंच्या बोटांतच उरल्या, हें पाहून त्यांनीं इतरांसह १९९६ सालीं कुस्को येथें पारंपरिक वस्त्रकलेचें एक केंद्र काढलें. आजूबाजूच्या डोंगरांतील गांवें त्याला जोडलेलीं आहेत. म्हाताऱ्यांनीं मुलांस शिकवावयाचें, अशी तेथील रीत. आम्ही त्या केंद्राचें दुकान व संग्रह पाहिला. पण चिंचेरोंत ज्या घरीं बसलों तें एका साध्या विणकर कुटुंबाचें होतें. आजी, मुलगी, सून, नाती, सगळा बारदाना एका अंगणांत. आपल्याकडील वाड्यांत जन्म काढलेल्या माणसास तेथें परकें वाटण्याचें कारणच नव्हतें.

प्रथम लोकर धुतली. साबण नाहीं, एक मूळ किसणीवर किसून पाण्यांत घुसळलें, कीं रिठ्यासारखा फेंस येतो. मग रंग. लाल रंगाची कृति पाहून सौ.नीं तोंडावर पदर धरला. निवडुंगाच्या पानांवर पांढऱ्या बुरशीसारखे ठिपके दिसतात. ते बारीक किडे असतात. किडा तळहातावर चिरडला कीं कुंकवासारखा रंग उमटतो. एक पौंड रंगास असे सुमारें सत्तर हजार किडे लागतात म्हणे. त्या आजीबाईंनीं तळहातावरील त्या रंगांत लिंबाचा थेंब पिळला, तो नारिंगी झाला. दुसरें एक क्षार घातलें, तो जांभळा झाला. जादूगाराप्रमाणें त्या आमच्याकडे पाहून हांसल्या.

सौ.स हिंसा दिसली. आम्हांस मात्र आपल्या अळत्याची आठवण झाली. संस्कृत काव्यांत नायिकेच्या पावलांस जो अलक्तक लावतात तो लाखेचा, आणि लाख हीही अशाच एका किड्याची कृपा. रेशमी सोवळें नेसून पूजेस बसणारांनीं ह्या बाबतींत नाक मुरडूं नये हें बरें. घरांतील भगिनींच्या माहितीकरितां एक सांगून ठेवतों : बाजारच्या लाल मिठाईच्या वेष्टनावर १२० ह्या अंकाचा रंग छापलेला असेल तर तो हाच पेरूचा किडा समजावा. पुढें खावें कीं न खावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

निळ्या रंगाबद्दल आमचा गर्व तेथें उतरला. नीळ म्हणजे हिंदुस्थानची, तिचें इंग्रजी नांवही हिंदुस्थानावरूनच पडलेलें, असें आम्ही वर्गांत सांगत आलों. पण पेरूच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता येथें सांपडलेल्या सुती चिंध्या सुमारें सहा हजार वर्षांपूर्वींच्या असून त्यांवर नीळ आहे, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. निळीनें रंगविलेलें याहून जुनें कापड अजून कोठें मिळालेलें नाहीं.

सूत कातण्याचें साधन म्हणजे आपली टकळीच. 'पुश्का' म्हणतात. बायका ती बसून फिरवीत नाहींत. मेंढरांमागें चालतांना, बाजारास जातांना, गप्पा मारतांना हातांतून ती गिरकी घेत खालीं उतरत असते. आमच्या वडिलांनीं आम्हांस मुंजीच्या वर्षीं टकळीवर जानव्याचें सूत काढावयास शिकविलें होतें, तेव्हां आम्हीं मोठ्या ऐटीनें ती मागून घेतली. तिसऱ्या गिरकीला धागा तुटून टकळी आजीबाईंच्या पायावर पडली. जानव्याचा पीळ कोणत्या दिशेचा असावा हें आपल्या स्मृतिकारांनीं सांगून ठेविलें आहे. तेथेंही पिळाची दिशा महत्त्वाची आहे. नेहमीचें सूत एका अंगास पिळतात. पण मुद्दाम उलट पिळलेलें जें सूत, त्यास डाव्या हाताच्या नांवानें ओळखतात, आणि तें वस्त्राच्या कडेला घालतात किंवा मनगटास बांधतात, म्हणजे अरिष्ट टळतें. सौ.नीं हें ऐकतांच आपल्या मनगटास एक बांधून घेतलें. केचुआ आणि मराठी ह्या दोन भाषांच्या मध्यें स्पॅनिशची फळी टाकून सूनबाई येजा करीत होत्या, पण दृष्टीच्या बाबतींत दुभाष्याची गरज पडली नाहीं.

आतां माग. आपल्या मागास खड्डा, फणी, धोटा, पावड्या असा संसार लागतो. येथें चार काठ्या आणि एक कमरपट्टा. उभ्या धाग्यांचें एक टोंक खुंटीस, दुसरें विणणारीच्या कमरेस. ती मागें रेलली कीं धागे ताठ होतात, पुढें झुकली कीं सैल पडतात. म्हणजे माणूस हाच मागाचा अर्धा भाग. आडवा धागा ठोकून बसविण्यास लामाच्या हाडाचें एक टोंकदार हत्यार. कापड चारही बाजूंनीं विणूनच पुरें होतें. त्यास कात्री म्हणून लागत नाहीं. उभा धागा व आडवा धागा ह्यांस वैदिक भाषेंत तंतु आणि ओतु म्हणतात. आपण बोलतांना सहज 'ओतप्रोत' म्हणून जातों तो विणकामाचाच शब्द, आणि बृहदारण्यकांत गार्गी याज्ञवल्क्यास जे प्रश्न विचारते ते ह्याच शब्दांत. चाळीस वर्षें तो शब्द शिकवून त्याचा अर्थ आम्हीं डोळ्यांनीं पाहिला तो चिंचेरोच्या अंगणांत.

तेथें बारा-तेरा वर्षांची एक नात बसली होती. शाळेतून आली, दप्तर टाकलें, कमरेला पट्टा बांधला. तिच्यापुढें बोटभर रुंदीची पट्टी नव्हती (लहान मुली तीपासूनच आरंभ करतात), तर चांगली वीतभर रुंद नक्षीची पट्टी होती. नक्षीस तेथें 'पायाय' म्हणतात, अर्थ, वेंचणें. प्रत्येक ओळीस कोणते धागे वर घ्यावयाचे आणि कोणते खालीं सोडावयाचे हें बोटांनीं वेंचावें लागतें. समोर कागद नाहीं, आराखडा नाहीं. एका अंगाची नक्षी मध्यरेषेच्या दुसऱ्या अंगास उलटी उतरते; एक जोडी चुकली तर पुढील दहा ओळी बिघडतात. ती ओंठ न हलवितां मोजीत होती. आम्हीं सूनबाईंकडून विचारविलें, "चुकलीस तर कसें कळतें?" ती म्हणाली, "पुढच्या ओळीला पाय फुटतो."

हें ऐकून आमच्या मनांत एक जुना हिशेब उघडला गेला. सुमारें १९८८ सालची गोष्ट. आम्ही ज्या गांवीं होतों तेथें हातमागांची वस्ती होती. विणकराच्या घरचा एक मुलगा आमच्या सातवीच्या वर्गांत होता. रोज उशिरा येई. सकाळीं कांड्या भरून यावें लागे. बोटें कधीं हिरवीं, कधीं जांभळीं. वहीवर त्या बोटांचे ठसे उमटत आणि आमचा संताप होई. अंकगणिताच्या पेपरांत त्याला शंभरांत अकरा गुण पडले, तेव्हां आम्हीं सर्व वर्गादेखत त्यास सांगितलें, "माग कीं शाळा, एक कांहीं तरी धर." त्यानें मान हलविली. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. पुढेंही आला नाहीं. आम्हांस त्या वेळीं वाईट वाटलें नाहीं, हें येथें लिहून ठेवणें प्राप्त आहे. एका नापासाची यादींतून वजाबाकी झाली एवढेंच वाटलें. तो मुलगा घरीं पातळाच्या किनारीचे किती धागे मोजीत असेल, असा प्रश्न आमच्या मनांत कधीं आलाच नाहीं.

त्या मुलीची शाळा आणि माग दोन्ही चालू आहेत. तसें सोपें नाहीं, असें तिच्या आईच्या बोलण्यावरून दिसलें. शाळेंत स्पॅनिश, घरांत केचुआ, आणि थोरला भाऊ लिमा शहरीं नोकरीस गेला तो परत यावयाचें नांव घेत नाहीं. केचुआ भाषेस १९७५ सालीं पेरूंत राजभाषेचा दर्जा मिळाला आहे. कागदावर मिळालेला दर्जा वर्गांत पोंचण्यास किती काळ लागतो, हें आम्ही शिक्षक जाणतों.

ह्या लोकांच्या पूर्वजांस लिपि नव्हती, पण हिशेब होता. दोरींत गांठी मारून ते ठेवीत. त्यास 'किपू' म्हणतात. लेलँड लॉक नांवाच्या एका अमेरिकन गणितशिक्षकानें १९१२ सालीं दाखवून दिलें कीं, ह्या गांठी एकं, दहं, शतं अशा स्थानांवर बसलेल्या असतात, आणि शून्याच्या स्थानीं दोरी रिकामी सोडलेली असते. संग्रहालयांत ती रिकामी जागा पाहण्याकरितां आम्ही बराच वेळ उभे राहिलों. वस्त्रांत ह्या लोकांचें काय काय गुंतलें आहे, याचा अंदाज स्पॅनिश सत्तेसही होता. १७८० सालीं दुसऱ्या तुपाक आमारूनें बंड केलें; १७८१ सालीं कुस्कोच्या चौकांत त्याला ठार केल्यावर जे हुकूम सुटले, त्यांत इंका पद्धतीचा पोशाख करूं नये हाही एक होता. कापडाची एवढी भीति कोणत्या सरकारास उगाच वाटत नाहीं.

आतां आमच्या फजितीकडे येतों. सौ.च्या मनांत एक 'यिक्या' भरली. ही खांद्यावर घेण्याची शाल. दोन पट्ट्या विणून मध्यें शिवतात. प्रवासांत हीच पाठीस बांधून बायका मूल नेतात, बटाटे नेतात, शेळीचें करडूही नेतात. किंमत सहाशें सोल सांगितली, त्या दिवशींच्या भावानें सुमारें चौदा हजार रुपये. आम्हीं मंडईंतल्या संवयीनें साडेचारशें म्हटलें. घरधनीण कांहीं बोलली नाहीं. सूनबाईंनीं भाषांतर करतांना मान खालीं घातली होती. तेवढ्यांत ती मागावरची मुलगी, धाग्यांवरील नजर न काढतां, म्हणाली, "आईला विणायला पंचेचाळीस दिवस लागले. म्हणजे दिवसाला दहा सोल."

पंचेचाळीस गुणिले दहा. आमच्या तोंडून उत्तर निघण्याआधीं तिनें पुढची ओळ वेंचावयास घेतली होती. त्यांत कातणें, धुणें, रंगविणें धरलेलें नव्हतेंच. सहाशें सोल दिले तरी दिवसाला तेरा आणि वर कांहीं चिल्लर. सौ.नीं आमच्याकडे न पाहतां पैशांची पिशवी उघडली आणि सहाशें मोजले. वर आपल्या हातचे लोकरीचे मोजे, जे नातवासाठीं आणले होते, ते घरांतल्या तान्ह्या बाळाला घातले. त्या सुईच्या विणीकडे चार-पांच बायका डोकें लावून पाहूं लागल्या, आणि आम्ही अंगणाच्या कडेला जाऊन डोंगर पाहत बसलों.

जाणाऱ्यांस एवढें सांगतों कीं, कुस्कोच्या रस्त्यांवर 'अस्सल अल्पाका' म्हणून जें विकतात त्यांत पुष्कळसें कृत्रिम सूत असतें. स्पर्शाला गार व जड लागेल तें बरें. फार मऊ, चकचकीत व स्वस्त असेल तें सोडावें. 'बेबी अल्पाका' म्हणजे पिलाची लोकर नव्हे. तें केवळ बारीकपणाच्या प्रतीचें नांव आहे.

शेवटचे दोन दिवस तितिकाका सरोवरावर गेले. हें सरोवर ३,८१२ मीटर उंचीवर आहे, आणि त्यांतील ताकिले बेटावर पुरुष विणतात. माग बायकांचा, पण सुयांवरील टोपी विणणें पुरुषांचें काम. चालतां चालतां, बांधावर बसून, पुरुष टोपी विणतांना दिसतात. टोपीच्या रंगावरून गडी अविवाहित कीं संसारी हें कळतें. वधूपिता जांवयाची टोपी उलटी करून तींत पाणी ओतून पाहतो, वीण घट्ट असेल तर पाणी गळत नाहीं, असें तेथें सांगतात. आपल्याकडे मुलीस चालून, गाऊन, शिवून दाखवावें लागे त्या दिवसांची आठवण सौ.नीं मोठ्या समाधानानें काढली. बायका नवऱ्यासाठीं रुंद पट्टा विणतात. त्यावर वर्षभराच्या शेतीचीं व सणांचीं चिन्हें असतात, म्हणजे कमरेला बांधलेलें पंचांगच. ह्या बेटाची वस्त्रकला युनेस्कोनें २००५ सालीं मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केली. चिरंजीवांनीं तेथें सुया हातांत घेऊन पाहिल्या. त्यांचें लग्न आधींच झालेलें आहे हें सुदैव.

आतां ती 'यिक्या' आमच्या कपाटांत नाहीं. धाकट्या पुतण्याच्या बाळाचें बारसें झालें, तेव्हां सौ.नीं ती पाळण्यावर घातली. लोकर असल्यानें धाबळीप्रमाणें सोवळ्यांतही चालेल, असा निर्णय आमच्या वहिनींनीं दिला आहे.

परत आल्यावर आम्हीं त्या जुन्या गांवच्या एका सहशिक्षकांकडून त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तो अजून विणकामच करतो, पण आतां दुसऱ्या गांवीं. त्याचें वय पन्नाशीच्या आसपास असेल. आम्हीं त्यास चार ओळींचें पत्र घातलें, आणि सौ.साठीं एक पातळ हवें आहे, भाव तुम्ही सांगाल तो, असें लिहिलें. महिना झाला. पत्र परत आलेलें नाहीं, उत्तरही आलेलें नाहीं.

पुढील महिन्यांत नेहमीप्रमाणें सुभाषितांकडे वळूं.